भाच्याची कंबर दर रविवारी मोजून देतो. आता थांबू का?

मास्तर_महाल

नमस्कार मंडळी. नागपूरला महाल भागात, बडकस चौकाजवळच्या एका गल्लीत माझं जेंट्स टेलरिंगचं दुकान आहे, १९९६ पासून. वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, म्हणजे घरात कापड आधीपासूनच. कात्री मात्र मीच पहिल्यांदा धरली. प्रश्न टेलरिंगचा आहे अन् नाहीही. कुठल्या विभागात टाकावा ते समजलं नाही, म्हणून इथेच टाकतो. लांबलं तर सांभाळून घ्या.

बहिणीचा पोट्टा, वय एकोणीस. उंची सहा फूट एक इंच. आमच्या खानदानात एवढं उंच कोणी नाही, याने कुठून आणली देव जाणे. शाळेत त्याला काडी पैलवान म्हणायचे, अगरबत्ती म्हणायचे. दहावीत असताना एक दिवस दुकानात आला अन् म्हणाला, मामा, शर्टाच्या खांद्यात पॅड टाकून दे. शर्टात पॅड! मी हसलो नाही. कॅनव्हासचे दोन तुकडे दुमडून टाकून दिले. दोन धुण्यांत गोळा झाले, ती गोष्ट वेगळी.

मग कधीतरी त्याने मोबाईलवर पॅरिस-मिलानचे पुरुषांचे शो पाहायला सुरुवात केली. तिथे चालणारे सगळे त्याच्यासारखेच. छाती सपाट, गालफडं आत, चेहरा असा की आत्ताच कोणी झोपेतून उठवलं. पोट्टा त्यानंतर आरशापुढे सरळ उभा राहायला लागला. हे मुद्दाम सांगून राहिलो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की हे फॅशनवालेच वाईट. माझ्या भाच्याला आधी त्यांनीच उभं केलं.

होळीनंतर तो मुंबईला जाऊन आला. तिथल्या एका मॉडेलिंग एजन्सीने टेप लावला. उंची छान, चेहरा छान, चालायला शिकवू. फक्त कंबर साडेतीस आहे, ती अठ्ठावीस करून ये. अन् मांडी भरलेली आहे म्हणे. ज्या पोट्ट्याची पँट कापताना मला मांडीत कापड चिमटून काढावं लागतं, त्याची मांडी भरलेली!

तेव्हापासून दर रविवारी सकाळी उपाशीपोटी तो अ‍ॅक्टिवावर नंदनवनहून दुकानात येतो. शर्ट काढतो, हात वर करतो, श्वास सोडतो. मी टेप लावतो अन् मापवहीत लिहितो. गिऱ्हाइकाचं पान जसं असतं तसं त्याचं पान आहे, फक्त त्यात एकच माप आहे, खाली खाली जाणारं. साडेतीस, तीस, साडेएकोणतीस. शेवटचं पावणेएकोणतीस. वजन ६७ होतं, आता ६०.

अठ्ठावीस म्हणजे काय ते रेडीमेडवाल्यांना समजणार नाही. दुकानातल्या पँटीवर २८ लिहिलेलं असलं तरी आत टेप घातला तर बऱ्याचदा तीस भरते, गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून. एजन्सीची अठ्ठावीस टेपाची अठ्ठावीस आहे.

खाण्याचं सांगतो. आधी तर्री पोह्यातली तर्री सोडली. मग पोहे सोडले. आता श्रावण लागला तर सोमवार धरला, शनिवार धरला, मध्येच चतुर्थी धरली. साबुदाणाही खात नाही, उपवासाला फक्त ताक. बहीण शेजारणींना कौतुकाने सांगते की पोरगं किती देवभोळं निघालं. मला माहीत आहे तो कोणत्या देवासाठी उपवास करून राहिला. पण तिला सांगायची हिंमत होत नाही, कारण टेप माझ्याच हातात आहे.

२०२५ च्या जूनमधला तो प्राडाचा मिलानचा शो आठवतो ना, कोल्हापुरी चपलांचा? अख्खा महाराष्ट्र पायाकडे पाहत होता. आमची चप्पल, आमचं नाव का नाही घेतलं, २०१९ चं जीआय मानांकन कुठे गेलं. राग खराच होता, मलाही आला. पण भाच्याने तो व्हिडिओ दुकानात दाखवला तेव्हा माझी नजर चपलेवर टिकली नाही. त्या शोमध्ये बऱ्याच पोट्ट्यांना फुगीर, आखूड चड्ड्या होत्या, त्यामुळे पाय पूर्ण उघडे. मी पोटरी पाहिली, गुडघा पाहिला, मांडी पाहिली. तीस वर्षं मापं घेतो, डोळ्यानेच अर्ध्या इंचापर्यंत सांगतो. गुडघ्याच्या अन् मांडीच्या मापात फरकच नव्हता म्हणा. भाचा म्हणाला, मामा, दिसली का? मी म्हटलं, हो, दिसली.

आता मुख्य गोष्ट. गेल्या रविवारी मी खोटं माप सांगितलं. टेप आवळला, इतका की कातडीवर वळ उठला, अन् म्हटलं, झाली रे अठ्ठावीस, बस कर आता. त्याने खाली पाहिलं, माझं बोट टेपावर होतं. म्हणाला, मामा, बोट काढ. मग टेप माझ्या हातातून घेतला, स्वतः लावला, पावणेएकोणतीस वाचलं, टेप गुंडाळून काउंटरवर ठेवला अन् निघून गेला. एक शब्द बोलला नाही. ग्राहक रागावला की ओरडतो, ते बरं असतं.

येत्या रविवारी तो येईल. खरं माप देऊ, की मोजायलाच नाही म्हणू? नाही म्हटलं तर इतवारीत वीस रुपयांत टेप मिळतो.

सावजी_प्रेमी

मास्तर, टेंशन काहून घेता? पोट्ट्याले एक डाव सावजीत घेऊन जा, रस्सा पाजा. दोन पोळ्या जास्त गेल्या तं कंबर आपोआप बत्तीस होईन. एजन्सीवाल्यायले म्हणा, या इकडं अन् जेवून दाखवा.

मास्तर_महाल

भाऊ, नेलं होतं. जुलैमध्ये, त्याच्या वाढदिवसाला. जेवला, चांगला जेवला. मग हात धुवायला गेला तो वीस मिनिटं आलाच नाही. डोळे लाल घेऊन आला, म्हणाला तिखट लागलं. नागपूरचा पोट्टा, सावजी तिखट लागलं म्हणतो.

लोअरपरळचा_नागपूरकर

मास्तर, मी मूळचा खामल्याचा. मुंबईत एका मेन्सवेअर लेबलमध्ये पॅटर्न कापतो, अकरा वर्षं झाली. तुमच्या भाच्याला ते अठ्ठावीस का म्हणतात याचं कारखान्यातलं कारण सांगतो.

तुम्ही आधी माणूस मोजता, मग कापड कापता. आमच्याकडे उलटं आहे. शोच्या कितीतरी आधी नमुन्याचे कपडे एकाच साइझमध्ये शिवून तयार असतात, परदेशात बहुतेक ४६ किंवा ४८. मग त्या कपड्यांत बसणारी मुलं शोधतात. शोच्या आदल्या दिवशी फिटिंग. बसला तर घेतला, पिन लावावी लागली तर पुढचा. त्यामुळे कोणी एक माणूस बसून 'पोरांना उपाशी मारा' असं ठरवत नाही. एक नमुना शिवला जातो, अन् शेकडो पोरं त्या नमुन्याच्या मापाला स्वतःला कापून घेतात.

पण तो नमुना इतका बारीक कधी झाला याला तारीख आहे. १९८२ मध्ये कॅल्विन क्लाइनने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर चड्डीतल्या पुरुषाचं अवाढव्य होर्डिंग लावलं. तो टॉम हिंटनाउस नावाचा खराखुरा पोल व्हॉल्टर होता. अरमानीचे कोटही त्याच काळातले: आतला कॅनव्हास अन् पॅड काढून टाकलेले, सैल, पण आत भरलेला माणूस गृहीत धरलेला. मग १९९५ मध्ये बेल्जियमच्या राफ सिमन्सने स्वतःचं लेबल काढलं अन् अँटवर्पच्या रस्त्यावरची शाळकरी वाटणारी सडपातळ पोरं उभी केली. अन् २००० मध्ये एदी स्लिमान हा डिझायनर दिओर ऑममध्ये, म्हणजे दिओरच्या पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात आला. तिथून पुढे सात वर्षं त्याने जे शिवलं ते जगभरच्या पुरुषांच्या अंगावर अजून आहे. तुमच्याकडे २०१० च्या आसपास लग्नाच्या सूटसाठी पोरं चौदा इंची मोरी, म्हणजे पँटचा खालचा घेर, मागायला लागली असतील, ते थेट तिथून आलं. त्याची एक जीन्स प्रसिद्ध आहे, साडेसतरा सेंटिमीटरची. ते सपाट ठेवून घेतलेलं माप. गोल केलं तर पावणेचौदा इंच.

कार्ल लागरफेल्डला ते कोट इतके आवडले की त्यात मावण्यासाठी त्याने तेरा महिन्यांत बेचाळीस किलो वजन उतरवलं. साठी ओलांडलेला, स्वतः शनेलचा डिझायनर. त्यावर आहाराचं पुस्तकही निघालं. लोकांना त्यात हसण्यासारखं वाटलं, कौतुकही वाटलं. मला वाटतं कोट आणि माणूस यांच्यात कोणी कोणासारखं व्हायचं, हे त्या वर्षी जाहीर झालं.

आणखी एक. तुम्ही पाहिलेला प्राडाचा शो मिउच्चा प्राडा आणि राफ सिमन्स या दोघांचा. तोच राफ सिमन्स. मधली तीस वर्षं कपडे आवळले, पुन्हा ढगळ झाले, पण आतलं पोरगं बदललं नाही.

नियम झाले आहेत, नाही असं नाही. २०१७ मध्ये एलव्हीएमएच आणि केरिंग या दोन मोठ्या फॅशन समूहांनी मिळून सनद केली: पुरुषांत फ्रेंच ४२ साइझचे मॉडेल घ्यायचे नाहीत, म्हणजे किमान ४४, डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं, सोळा वर्षांखालच्याला मोठ्या माणसाचे कपडे घालून उभं करायचं नाही. पण ४४ म्हणजे काय, मास्तर? छातीच्या सेंटिमीटरचा अर्धा. ८८ सेंटिमीटर, साडेचौतीस-पावणेपस्तीस इंच छाती. 'यापेक्षा बारीक नको' अशी ती रेषा आहे. तुमचा भाचा आज त्या रेषेच्या आत आरामात बसेल. म्हणून नियमाच्या भरवशावर राहू नका.

मास्तर_महाल

बाप्पा! एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. चौदा इंच मोरीचं अगदी खरं. २०१२ च्या एका लग्नात नवरदेवाला मांडवात खाली बसता येईना, भटजींनी पाटावर उशी मागवली.

पण एक वाद घालतो, कारागिराने कारागिराशी घालावा तसा. मला नेहमी वाटतं की काडीसारख्या पोरावर कोट शिवणं म्हणजे हँगरवर शिवणं. कटिंगची परीक्षा पोटावर असते, पुढे झुकलेल्या खांद्यावर असते, एक खांदा खाली असलेल्या बँकेच्या कॅशियरवर असते. माझ्या दुकानातला पुतळा अडतीसचा आहे. पोटवाल्या गिऱ्हाइकाचा कोट असला की मी त्याला टॉवेल बांधतो. शरीरच नसेल तर तुमच्या त्या मोठ्या साहेबांनी कापलं काय?

लोअरपरळचा_नागपूरकर

मास्तर, इथे तुम्ही चुकता. तसा कोट कापून पाहा एकदा. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, इतका वर घ्यावा लागतो की काखेत बोट जाऊ नये, तरी हात उचलला तर कोट वर यायला नको. बाही पाइपसारखी, शिवणीत माया, म्हणजे आत राखलेलं जादा कापड, जवळजवळ नाही. एक सूत चुकलं की गेलं. पोटवाल्याच्या कोटात चूक पोटाच्या नावावर खपते. स्लिमानचं कटिंग खोटं नव्हतं, कटिंग फार भारी होतं. त्यामुळेच तर हे सगळं झालं.

पुतळ्यावरून आठवलं. लंडनच्या रूटस्टाइन कंपनीने २०१० मध्ये पुरुषांचा नवीन पुतळा आणला होता. छाती पस्तीस, कंबर सत्तावीस. पुतळ्याला भूक लागत नाही, तो निभावतो.

मास्तर_महाल

मुंढ्याचं मान्य. हरलो. सत्तावीसच्या पुतळ्याचं भाच्याला सांगणार नाही.

जुना_रॅम्प

मास्तर, मी सदरचा. आता प्रॉपर्टीचं काम करतो, वय चव्वेचाळीस, कंबर अडतीस. २००३ ते २००९ मॉडेलिंग केलं आहे, म्हणून लिहितो.

आमच्या वेळी भारतात भानगड वेगळी होती. आम्ही सगळे मिलिंद सोमण पाहून आलेले. पोहणाऱ्याचे खांदे, व्ही आकाराची पाठ. रामदासपेठेतल्या एका जिममध्ये मी रोज दोन तास घालायचो, दिवसाला आठ अंड्यांचं पांढरं. दिल्ली-मुंबईत कामं मिळाली. शेरवानीला भरलेला खांदा लागतोच, आजही आपल्याकडचा नवरदेव बारीक चालत नाही. मग २००६ मध्ये नशीब काढायला मिलानला गेलो, स्वतःच्या पैशाने. कास्टिंगला लांबच लांब रांग. माझ्यापुढे, मागे सतरा-अठराची पोरं, पूर्व युरोपातली, फटफटीत पांढरी, मनगटं माझ्या अर्धी. मी तेवीस वर्षांचा, म्हातारा वाटलो. एका ठिकाणी कोट घातला, मागे शिवण ताणली. बाईंनी हसून 'ग्रात्झिए', म्हणजे धन्यवाद, म्हटलं. तीन आठवडे तेच ग्रात्झिए.

परत आलो अन् स्नायू उतरवायला लागलो. म्हणजे बघा, आधी चढवण्यात तीन वर्षं, मग उतरवण्यात एक. त्या एका वर्षात मी जे केलं ते इथे लिहीत नाही, तुमचा भाचा वाचत असेल तर त्याला युक्त्या मिळायला नकोत. एवढंच सांगतो, शोच्या आदल्या दिवशी पाणी बंद करायचो. एप्रिलमध्ये. नागपूरला.

अन् पैशाचं कोणी सांगत नाही. या धंद्यात बायकांना पुरुषांपेक्षा जास्त मिळतं, नवीन पोराला तर बाहेर कधी कधी शोचे पैसे कपड्यांतच देतात. माझ्याकडे अजून एक जाकीट आहे, छान आहे, माझ्या मुलीला होतं.

भाच्याला एक विचारा: अठ्ठावीस झाली अन् त्यांनी सांगितलं की आता चेहरा उतरलेला दिसतो, तर? मला सांगितलं होतं.

अनारसे_जमत_नाहीत

वाचते आहे. वाईट वाटतंय, पण थोडी गंमतही वाटते. माझी कंबर तेराव्या वर्षापासून आत्या, मावशी, शेजारीण, सगळ्यांनी नजरेने मोजली. धागा कुणी काढला नव्हता. असो, मास्तर, तुम्ही काढलात हे चांगलं केलंत. बहिणीला आजच सांगा.

ओपीडीनंतर

मास्तर, मी डॉक्टर आहे, नागपुरातच. कालपासून हा धागा पाहते आहे. सावजीनंतरची ती वीस मिनिटं वाचून राहवलं नाही.

पहिल्यांदा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मोजणं बंद करा. खरंही नको आणि खोटंही नको. खोटं माप त्याने पकडलं आहे, आता तुमच्या खऱ्यावरही त्याचा विश्वास बसणार नाही. खरं माप म्हणजे दर आठवड्याची परीक्षा, आणि तुम्ही परीक्षक. तो स्वतः टेप विकत घेईल, घेऊ द्या. तुम्ही मामा राहा.

आता शरीराचं. सहा फूट एक आणि ६० किलो म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साडेसतराच्या आसपास. १८.५ च्या खाली आपण कमी वजन म्हणतो. माद्रिदच्या फॅशन वीकने २००६ मध्ये १८ च्या खालच्या मुलींना रॅम्पवर नाकारलं होतं. मुलांचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, आपल्या लोकांत तर मुळीच नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर स्वतःचाच फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता, २००४ मध्ये. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, त्या गोऱ्या डॉक्टरांची ९.१. आपला माणूस बारीक दिसतो तेव्हाही त्याच्याकडे स्नायू कमी असतात. उपाशी राहिला की तेही जातात. कंबर हट्ट करते. तुमच्या भाच्याची पावणेएकोणतीसवर अडली आहे ती त्यामुळेही असेल. मग तो आणखी कमी खाणार.

हे बघा: उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते का. नागपूरच्या उकाड्यात हात गार लागतात का. दाढी कमी वेळा करावी लागते का. पुरुषांत खाणं तुटलं की टेस्टोस्टेरॉन पडतं, आणि या वयात हाडांचा साठा भरायचा असतो तो राहून जातो. बोटांच्या मागच्या बाजूला घट्टे आहेत का, ते वारंवार उलटी काढल्याने पडतात. आणि नाडी मोजा. टेप लावायचाच आहे ना, त्याऐवजी मनगट धरा, पूर्ण एक मिनिट. दिवसा, जागेपणी, बसल्या जागी ५० च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, दुसऱ्या दिवशी नाही. आणि इतके दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट जेवू घालू नका, ते धोक्याचं असतं. सावजी सध्या नको.

हा खाणं तोडण्याचा आजार, अ‍ॅनोरेक्सिया, फक्त मुलींचा नाही. १६८९ मध्ये रिचर्ड मॉर्टन या इंग्रज डॉक्टरने पहिल्यांदा याचं नीट वर्णन केलं तेव्हा त्याचे दोन रुग्ण होते, त्यातला एक सोळा वर्षांचा मुलगा. पण अमेरिकेच्या मानसोपचार ग्रंथात २०१३ पर्यंत अ‍ॅनोरेक्सियाच्या निकषांत 'पाळी बंद होणं' लिहिलेलं होतं. म्हणजे निकष मुलींनाच समोर ठेवून लिहिलेले. अजूनही मुलगा बारीक झाला की घरचे म्हणतात अभ्यासाचा ताण, नाहीतर श्रावण.

मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, मानसोपचाराची ओपीडी आहे. रात्री-बेरात्री टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६, सरकारी आहे, मराठीत बोलतात.

मास्तर_महाल

ताई, उत्तर द्यायला बरेच दिवस लागले. सगळ्यांनाच उत्तर म्हणून लिहितो.

रविवारी तो आला. शर्टाची बटणं काढायला लागला, मी म्हटलं राहू दे. टेप गळ्यातून काढून खणात ठेवला, अन् गेल्या वेळी खोटं बोललो ते कबूल केलं. तो म्हणाला, मला माहीत आहे. मग म्हणाला, ठीक आहे, मी मोजीन. संध्याकाळी त्याच्या खिशात पिवळा टेप दिसला. इतवारीचाच असणार.

बहिणीला सांगितलं. आधी मलाच रागावली, की तू चार महिने मोजत होतास अन् मला माहीत नाही. बरोबर आहे तिचं. मग स्वयंपाकघरात गेली अन् बराच वेळ भांडी घासत राहिली, घासलेलीच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत. बाहेरच्यांसाठी सांगतो, काळी अन् पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुका आमच्याच भागातून जातात, त्या दिवशी दुकान उघडून फायदा नसतो, गल्लीत मुंगी शिरायला जागा नाही. भाचा लहानपणापासून माझ्या ओट्यावर उभा राहून मारबत पाहतो, या वर्षीही आला. गर्दी, ढोल, 'घेऊन जा गे मारबत' चाललेलं. बडगे, म्हणजे मारबतीबरोबरचे पुरुषांचे पुतळे, पाहायला सगळे टाचा उंचावून राहिले होते, याला तशी गरज नाही. मी बडग्याकडे पाहत होतो, बाजूला पाहिलं तर हा शटरला टेकून हळूहळू खाली बसून राहिला. ओठ पांढरे. आत ओढला, कटिंगच्या टेबलावर निजवला, पाय कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवले. तेव्हा ताई, तुमचं आठवलं. मनगट धरलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून एक मिनिट मोजलं, विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं. शेहेचाळीस. हात बर्फ.

थोडं थोडं साखरपाणी दिलं. मिरवणूक ओसरायला दोन तास लागले, तोवर गाडी निघेना. त्या दोन तासांत तो जेवढं बोलला तेवढं चार महिन्यांत बोलला नव्हता. 'जुना रॅम्प' भाऊ, तुमचा प्रश्न विचारला त्याला. चेहरा उतरलेला दिसतो म्हणाले तर? तो म्हणाला, ते म्हणाले आहेत, मागच्या महिन्यात फोटो मागवले होते. मग म्हणाला, मामा, शाळेत मी बारीक होतो म्हणून हसत होते, आता पुरता बारीक नाही म्हणून परत पाठवतात. मी किती असायला पाहिजे? मी तीस वर्षं लोकांना त्यांचं माप सांगतो. मला उत्तर आलं नाही.

संध्याकाळी मेडिकलला नेलं. ईसीजी काढला, रक्त तपासलं, पोटॅशियम कमी निघालं, पाच दिवस भरती होता. आता घरी आहे. मानसोपचाराच्या ओपीडीत दर मंगळवारी जायचं आहे. पहिल्या मंगळवारी गेला, दुसऱ्या मंगळवारी गेटपर्यंत जाऊन परत आला, बहिणीने पुन्हा नेला. खाणं ठरवून दिलं आहे, दर तीन तासांनी थोडं. काल अर्धी वाटी वरणभात खाल्ला अन् मग चिडून कोणाशी बोलला नाही. पिवळा टेप अजून त्याच्याकडेच आहे, मागितला तर देत नाही. मागणं सोडलं.

मुंबईला जायचं त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही. जानेवारी म्हणतो. डॉक्टर म्हणाले, आत्ता नाही म्हणू नका अन् हो पण म्हणू नका.

परवा दुकानात बसला होता. मी त्याला 'लोअर परळ'वाल्या भाऊंची मुंढ्याची गोष्ट सांगितली, तर डोळे एकदम चमकले. म्हणाला, तसा कोट तुला जमेल का? मला राग आला, धंद्याचा. गांधीबागेतून काळं टेरीवूल आणलं, पावणेतीन मीटर. मुंढा वर घेतला, दोनदा उसवला, तिसऱ्यांदा जमला. भाऊ, तुम्ही म्हणालात ते खरं, एक सूतही माफ नाही. कच्च्या टाक्यावर ट्रायल झाली. मापं नजरेनेच घेतली, टेप लावला नाही. हात वर केला तरी कोट जागचा हलला नाही. पोट्टा आरशात बराच वेळ पाहत होता, मग विचारलं, बाजूला आत एवढं कापड काहून ठेवलं? बाहेरून दिसत नाही ना म्हटलं, मग राहू दे.

दोन्ही बाजूंच्या शिवणींत दीड दीड इंच माया ठेवली आहे. सहसा पाऊण ठेवतो.